गुडघेदुखी : मोजमाप किती खरे?

गुडघेदुखीचे वयस्क रुग्ण दवाखान्यात येतात तेव्हा त्यांच्या हातात बहुधा प्लॅस्टिकची एक पिशवी असते. तीत एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, शिबिरात मिळालेला कागद, शहरातल्या हॉस्पिटलची फाइल असे सगळे कोंबलेले असते. मागे एका अडुसष्ट वर्षांच्या बाईंना घेऊन त्यांचा मुलगा आला. पिशवीतले दोन कागद काढून त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तालुक्याच्या शिबिरातील कागदावर चालण्याच्या चाचणीपुढे ११ सेकंद असे लिहिले होते. आठ दिवसांनी शहरात झालेल्या त्याच चाचणीपुढे १५ सेकंद. "डॉक्टर, आठ दिवसांत आईचा गुडघा एवढा बिघडला का? मी म्हणतो, आता ऑपरेशन करूनच टाकावं." आईचे म्हणणे नेमके उलट. "मला काय धाड भरलीय? होते तशीच आहे मी."

अशा दोन कागदांवरून घरात वाद होतात, औषधे वाढवली जातात, कधी शेतीचा तुकडा विकून ऑपरेशनची तयारी होते. म्हणून या आठवड्यात गुडघ्याच्या उपचाराऐवजी गुडघ्याच्या मोजमापाविषयी लिहीत आहे.

आधी आजाराविषयी थोडेसे. आपल्याकडे सांधा दुखला की सरसकट 'वात' म्हणतात. येथे बोलायचे आहे ते वाढत्या वयात होणाऱ्या ऑस्टिओआर्थ्रायटिसविषयी. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो विरळ होत जातो, कडेने हाड वाढते, सांध्याचे अस्तर अधूनमधून सुजते आणि गुडघा सावरून धरणारे मांडीचे स्नायू दुबळे होतात. लोक म्हणतात, 'वंगण संपले'. इतके सोपे ते नाही. मधुमेहात रक्तातील साखर मोजता येते, या आजारात तसा आकडा देणारी रक्ततपासणी नाही. रक्त तपासतात ते आमवात, युरिक अ‍ॅसिडचा वात असे दुसरे आजार वगळण्यासाठी. त्यामुळे डॉक्टरांची सारी भिस्त तीन गोष्टींवर असते : रुग्ण काय सांगतो, रुग्ण प्रत्यक्ष काय करू शकतो आणि एक्स-रेत काय दिसते. तिन्ही मापे उपयोगाची आहेत, पण तिन्ही मापे हलती आहेत.

त्या दोन कागदांवरील चाचणीचे नाव 'टाइम्ड अप अँड गो'. आपण तिला 'उठा आणि चाला' म्हणू. रुग्णाने खुर्चीत पाठ टेकून बसायचे. सांगितल्यावर उठायचे, तीन मीटर चालत जायचे, वळून परत यायचे आणि पुन्हा बसायचे. याला किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहायचे. १९८६ साली ही चाचणी प्रथम मांडली गेली तेव्हा तीत घड्याळ नव्हते. तपासणारा नुसत्या नजरेने एक ते पाच असे गुण देत असे. ही रीत मोघम पडते असे वाटल्यामुळे १९९१ साली कॅनडातील पॉडसियाड्लो आणि रिचर्डसन यांनी सेकंद मोजण्याची पद्धत आणली. ज्यांना तीस सेकंदांहून अधिक वेळ लागतो त्यांना रोजच्या बऱ्याच कामांत दुसऱ्याचा आधार लागतो, असे त्यांनी नोंदवले. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने वृद्धांचे पडणे टाळण्यासाठी जी पद्धत आखली आहे तीत १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका आहे असे धरतात.

आता ते दोन कागद पुन्हा पाहा. एक आकडा १२ च्या अलीकडचा, एक पलीकडचा. म्हणजे एका कागदाप्रमाणे बाई ठणठणीत आणि दुसऱ्याप्रमाणे धोक्यात!

मी त्या मायलेकांना दोन्ही दिवसांची हकीकत सविस्तर विचारली. शिबिर गावच्या शाळेत होते. बाई सकाळी नाश्ता करून, दुखण्याची गोळी घेऊन, घरापासून पाच मिनिटे चालत गेल्या. खुर्ची मुख्याध्यापकांच्या खोलीतली, चांगली उंच आणि हातांची. चाचणी घेणारा तरुण उत्साही होता. "आजी, भरभर चालून दाखवा," असे तो म्हणाला आणि भोवती गल्लीतल्या चार बायका बघत उभ्या होत्या. शहरात जाण्यासाठी मात्र पहाटे उठून अडीच तास एस.टी.चा प्रवास. रक्त द्यायचे म्हणून उपाशीपोटी, त्यामुळे गोळी घेतलेली नाही. मग दोन तास बाकावर बसून नंबराची वाट पाहणे. चपला दारात काढलेल्या, फरशी गुळगुळीत, खुर्ची बिनहाताची, आणि सूचना अशी : "तुम्ही नेहमी चालता तसं चाला."

या आजारात सांध्याचा एक स्वभाव आहे. बराच वेळ एका जागी बसले की सांधा आखडतो. उठल्यावरची पहिली दहा-पंधरा पावले जड जातात आणि मग गाडी मार्गाला लागते. दोन तास बाकावर बसलेल्या माणसाला उठवून लगेच घड्याळ लावले तर आपण त्याचे चालणे मोजत नाही, त्याचे आखडणे मोजतो. म्हणूनच या चाचणीच्या मूळ पद्धतीत आधी एकदा घड्याळाशिवाय चालवून घ्यायचे असते. खुर्चीचेही माप दिलेले आहे : बैठक जमिनीपासून सुमारे ४६ सेंटिमीटर उंच आणि हात टेकायला बाजूंना दांडे. पायांत नेहमीच्या वहाणा असाव्यात आणि काठीची सवय असेल तर हातात काठी असावी. आपल्याकडे हे कितीदा पाळले जाते? चार बोटांनी बुटकी खुर्ची मिळाली तर दुखऱ्या गुडघ्याला उठताना किती जास्त जोर लावावा लागतो, हे ज्याला गुडघा आहे त्याला सांगायला नको. नऊवारी नेसणाऱ्या किंवा पदर सांभाळणाऱ्या बायकांचा एक हात तर चाचणीभर लुगड्यातच अडकलेला असतो. तेही त्यांचे नेहमीचेच चालणे आहे, तेव्हा त्यात बदल करू नये. पण आज एक हात मोकळा आणि उद्या अडकलेला, असे मात्र नको.

मी त्या बाईंना आठवड्याच्या अंतराने दोनदा बोलावले. वार तोच, वेळ सकाळी साडेदहाची, खुर्ची तीच, चपला पायांत, सूचना तीच, आणि सकाळची गोळी चाचणी झाल्यावर घ्यायची. पहिल्यांदा साडेबारा सेकंद भरले, दुसऱ्यांदा तेरा. म्हणजे आठ दिवसांत गुडघा बिघडला हा मुलाचा निष्कर्ष चूक. पण शिबिराच्या कागदाने दिलेला दिलासाही खरा नव्हता. बाईंना पडण्याचा थोडाफार धोका होताच. न्हाणीघरात धरायला दांडा बसवणे, रात्री उठताना दिवा लावणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करणे एवढे त्या आकड्यावरून ठरले. ऑपरेशन त्यावरून ठरले नाही आणि ठरवायचेही नसते.

येथे दोन गोष्टींतला फरक ध्यानात घ्यावा. किराणा दुकानातील तराजूवर एकच साखरेची पुडी चार वेळा ठेवली आणि चारही वेळा तेच वजन आले, तर तो तराजू भरवशाचा. पण तो दर वेळी पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल तर भरवशाचा असूनही खोटा. उलट एकदा कमी, एकदा जास्त दाखवणारा तराजू सरासरीने बरोबर निघाला तरी ग्राहकाच्या काय कामाचा? चाचण्यांचेही तसेच. 'उठा आणि चाला' ही चाचणी एकाच माणसाने, एकाच पद्धतीने, फार दिवस जाऊ न देता पुन्हा घेतली तर बरेच जुळते आकडे देते. दोन तपासणाऱ्यांचे घड्याळही सहसा फारसे वेगळे चालत नाही. घोटाळा होतो तो खुर्ची, सूचना, गोळी आणि वेळ बदलल्याने. तेव्हा तराजूला नावे ठेवण्याआधी पारडे कोणी आणि कसे धरले होते ते पाहावे.

सगळे जसेच्या तसे ठेवले तरी माणूस म्हणजे यंत्र नव्हे. आज झोप लागलेली असते, उद्या नसते. त्यामुळे आकड्यांत काही फरक हा पडणारच. तो किती पडला म्हणजे खरा समजावा? कॅनडातील टोरोंटो येथे गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदलण्यासाठी आलेल्या रुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि २००५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यानुसार या चाचणीत सुमारे अडीच सेकंदांहून अधिक फरक पडला तरच तो खरा बदल मानता येतो. सहा मिनिटांत किती अंतर चालता येते अशी दुसरी एक चाचणी असते. तिच्यात हा आकडा सुमारे ६१ मीटर निघाला. म्हणजे मागच्या महिन्यात तीनशे मीटर चाललेले आजोबा या महिन्यात तीनशे तीस मीटर चालले, तर ती प्रगती आहे की योगायोग, हे त्या एका आकड्यावरून कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. एखाद्या तेलाच्या किंवा पट्ट्याच्या जाहिरातीत 'पंधरा दिवसांत चालण्यात सुधारणा' असे वाचाल तेव्हा हे अडीच सेकंद आठवावेत.

खुर्चीवरून उठण्याची आणखी एक चाचणी सध्या बऱ्याच ठिकाणी घेतात. हात छातीवर घडी करून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. मांडीच्या ताकदीचा अंदाज घ्यायला ही चांगली. साधारण सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहापेक्षा कमी आणि पुरुषाला बारापेक्षा कमी वेळा जमले तर ते वयाच्या मानाने कमी समजतात. पण गुडघे फार दुखणाऱ्या कित्येकांना हातांचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता येत नाही. त्यांच्या कागदावर शून्य लिहिले जाते. तीन महिने व्यायाम केला, घरातले सगळे म्हणतात सुधारणा आहे, पण कागदावर पुन्हा शून्यच, कारण अजून हाताशिवाय जमत नाही. येथे दोष रुग्णाचा नसतो, फूटपट्टी त्याच्या उंचीपाशी पोचतच नसते. अशा वेळी मी हात टेकून उठायला सांगतो, किती वेळा जमले ते मोजतो आणि पुढे 'हात टेकून' असे स्पष्ट लिहितो. पुढच्या वेळीही तसेच. हे दोन शब्द लिहायचे राहिले तर पुढचा डॉक्टर फसतो.

आता रुग्ण काय सांगतो त्याकडे वळू. या आजारासाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे 'वोमॅक'. कॅनडातच तयार झालेली ही प्रश्नावली १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत चोवीस प्रश्न असतात : पाच दुखण्याविषयी, दोन आखडण्याविषयी आणि सतरा रोजच्या कामांविषयी. प्रश्न विचारपूर्वक केलेले आहेत, पण ते तिकडच्या जगण्यातले आहेत. मोजे चढवताना त्रास होतो का? मोटारीत चढताना-उतरताना? टबात उतरताना? आमच्या भागातल्या आजीबाईंनी जन्मात मोजा घातलेला नसतो. त्यांना खरा त्रास होतो तो उकिडवे बसून भांडी घासताना, मांडी घालून पंगतीत बसताना, जमिनीवरून उठताना आणि सगळ्यांत जास्त भारतीय पद्धतीच्या संडासात. ते विचारलेच नाही तर प्रश्नावलीत आजी पास होतात आणि इकडे घरी त्यांनी संडासला जायला लागू नये म्हणून जेवण कमी केलेले असते! अशा रुग्णा आहेत, आणि त्या हे आपण होऊन सांगत नाहीत.

या बाबतीत पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीझेस या संस्थेने चांगले काम केले आहे. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या या संस्थेने वोमॅकचे आपल्या सवयींना जुळेल असे रूप तयार केले आणि औषधांच्या अभ्यासात वापरले. याच मंडळींनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. खेड्यातल्या माणसाचे दुखणे खेड्यातल्या माणसाच्या भाषेत विचारावे लागते, हे ज्यांनी अशी पाहणी केली त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

दुखणे किती, हे शून्य ते दहा या पट्टीवर विचारण्याची पद्धत आहे. शिकलेल्या रुग्णांना ते जमते. माझ्या जुन्या रुग्णांना मी विचारतो, "रुपयातले किती आणे दुखतंय?" आणे व्यवहारातून जाऊन जमाना झाला, पण सत्तरीतली माणसे "बारा आणे फरक हाय" असे झटक्यात सांगतात. या उत्तरालाही एक खोट आहे. बरेच लोक डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून दोन आणे वाढवून सांगतात. त्याखेरीज 'फरक' सांगायला मागचे दुखणे आठवावे लागते आणि गेलेले दुखणे नेमके कोणाला आठवते? म्हणून फरक विचारण्याऐवजी दर वेळी 'गेल्या दोन दिवसांत किती दुखले' एवढेच विचारावे, लिहून ठेवावे आणि वजाबाकी आपण करावी.

उत्तर कोण देते यावरही बरेच अवलंबून असते. मुलगा शेजारी बसला असेल तर आई "ठीक आहे" म्हणते, कारण त्याला खर्चात पाडायचे नसते. सून सांगते, "त्या दिवसभर कण्हत असतात." आजोबांचे तर विचारूच नका, डॉक्टरांपुढे ते ताठ उभे राहतात आणि दाराबाहेर गेले की मुलाच्या खांद्यावर हात ठेवतात. मी दोघांना वेगवेगळे विचारतो. दोघांच्या सांगण्यात तफावत असली म्हणजे कोणी खोटे बोलते असे नाही. घरच्यांना दिसतात ते वाईट क्षण, रुग्णाला आठवतो तो सगळा दिवस.

सांगणे आणि करणे यांतही तफावत असते, आणि ती मोठी बोधप्रद आहे. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर महिनाभराने अनेक रुग्ण चालण्याच्या आणि जिन्याच्या चाचण्यांत ऑपरेशनच्या आधीपेक्षाही मागे पडलेले असतात. स्नायू अजून सावरलेले नसतात. पण त्यांनाच प्रश्नावली दिली तर त्यात ही घसरण दिसत नाही, उलट 'आता बरे चालता येते' असे ते लिहितात. कारण जुने दुखणे गेलेले असते आणि माणूस दुखण्यावरूनच स्वतःचे चालणे जोखतो. कोणी म्हणेल, रुग्णालाच बरे वाटते आहे मग चाचणी कशाला? कारण असा 'बरे वाटणारा' रुग्ण व्यायाम सोडतो, काठी कोपऱ्यात ठेवतो आणि पडतो. म्हणून दोन्ही मापे हवीत. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

एक्स-रेवर लोकांचा सर्वांत जास्त विश्वास, कारण तो डोळ्यांना दिसतो. "गॅप संपली आहे," असे कोणी म्हटले की रुग्णाच्या पायांतले बळच जाते. एक्स-रेवरून झिजेची प्रत ठरवण्याची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली दिली. शून्य ते चार अशा तिच्या पायऱ्या आहेत. चौथी पायरी ओळखायला कोणाची चूक होत नाही, पण पहिली की दुसरी यावर दोन जाणते डॉक्टरही सहमत होतीलच असे नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक्स-रे उभे राहून काढला की झोपवून. झोपल्यावर गुडघ्यावर शरीराचा भार नसतो, त्यामुळे दोन हाडांमधली जागा प्रत्यक्षापेक्षा मोकळी दिसू शकते. पहिला एक्स-रे झोपवून आणि वर्षाने दुसरा उभा करून काढला, तर 'वर्षात गॅप संपली' असा देखावा निर्माण होतो. गुडघा थोडा वाकलेला असला तरी चित्र बदलते. तेव्हा एक्स-रे काढायला सांगितला की 'दोन्ही गुडघे, उभे राहून' असे चिठ्ठीत आहे का ते पाहावे आणि जुनी फिल्म घरी जपून ठेवावी.

शिवाय एक्स-रे आणि दुखणे यांचे नाते बऱ्याचदा जुळत नाही. चौथ्या पायरीचा गुडघा घेऊन बाजार करणारे लोक मी रोज पाहतो आणि जवळजवळ स्वच्छ एक्स-रे असूनही जिना न चढू शकणारेही पाहतो. कधी दुखणे गुडघ्यात जाणवते पण मूळ खुब्यात असते. गुडघ्याचे दहा एक्स-रे काढले तरी ते सापडणार नाही, खुबा फिरवून पाहिला की सापडते.

शिबिरांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. टाच यंत्रात ठेवून 'हाडांची तपासणी' करतात आणि कागद हाती देतात. ती तपासणी हाडांच्या ठिसूळपणाचा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसचा ढोबळ अंदाज देते. गुडघ्याच्या झिजेशी तिचा संबंध नाही. नावे सारखी वाटतात म्हणून घोटाळा होतो आणि गुडघेदुखीसाठी लोक वर्षानुवर्षे कॅल्शियमच्या गोळ्या खात राहतात.

गुडघेदुखीच्या रुग्णांच्या इतर तपासण्यांतही अशी फसगत होते. दुखऱ्या पायाने दवाखान्याचा जिना चढून आलेल्या माणसाचे ब्लड प्रेशर लगेच मोजले तर ते वाढलेले भेटणारच. पाच मिनिटे शांत बसवून, हात टेबलावर टेकवून, बाही वर करून, दोनदा मोजावे. तरीही जास्त असेल तर दुखण्याच्या गोळ्या किती आणि किती दिवस चालू आहेत ते विचारावे, कारण डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी प्रेशर वाढते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मूत्रपिंडासाठी रक्तातील क्रिअ‍ॅटिनिन तपासतात. ते स्नायूंतून येते, म्हणून अगदी काटकुळ्या म्हाताऱ्या माणसात मूत्रपिंड मंदावलेले असूनही आकडा छापील मर्यादेत बसू शकतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून अशांनी गोळ्या चालू ठेवू नयेत, वय धरून हिशेब करायला डॉक्टरांना सांगावे.

हे सगळे वाचून घरच्या घरी काय करता येईल असे पुष्कळ जण विचारतील. जमण्यासारखे आहे. घरातली एक भक्कम, हातांची खुर्ची ठरवून भिंतीला टेकवून ठेवावी. प्लॅस्टिकची वाकणारी नको, सोफा नको. शिंप्याच्या टेपने तीन मीटर मोजून जमिनीवर खडूची रेघ ओढावी. सकाळी उठल्यानंतर दोन-अडीच तासांनी, दुखण्याची गोळी घेण्याआधी, नेहमीच्या चपला घालून आणि काठी असल्यास ती घेऊन, आधी एकदा नुसते चालावे. मग मिनिटभर थांबून मोबाइलच्या घड्याळावर दोनदा वेळ घ्यावी. बरोबर एक माणूस चालत असावा, हात न लावता पण हाताच्या अंतरावर. 'नेहमीसारखे चाला' एवढेच सांगावे, शाबासकी देऊ नये. महिन्यातून एकदा पुरे, रोज मोजणारे लोक आकड्यांनीच आजारी पडतात. वहीत तारीख, दोन्ही वेळा, दुखणे किती आणे आणि त्या आठवड्यात किती गोळ्या लागल्या हे लिहावे. त्याखाली स्वतःच्या घरातली तीन कामे निवडून ती जमतात का ते लिहावे : देवळापर्यंत न थांबता जाणे, संडासातून आधाराशिवाय उठणे, ओट्यापाशी उभे राहून भाकरी करणे, असे काहीही. तीन-चार महिन्यांची अशी वही मला पिशवीभर कागदांपेक्षा जास्त सांगते.

मोबाइल किंवा मनगटी घड्याळातील पावले मोजण्याच्या सोयीवर मात्र या रुग्णांनी फार विसंबू नये. हळू, पाय ओढत चालणाऱ्याची पुष्कळ पावले ते यंत्र मोजतच नाही, आणि वॉकर धरलेल्या हातातील घड्याळाला तर हात हलल्याचे कळतच नाही. मुलीने अमेरिकेहून पाठवलेल्या घड्याळात आठशेच पावले दिसली म्हणून खट्टू झालेल्या एका निवृत्त गुरुजींबरोबर मी दवाखान्याच्या अंगणात मोजून शंभर पावले चाललो. घड्याळाने एकसष्ट दाखवली.

काही वेळा मात्र मोजमापाच्या भानगडीत पडू नये. गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यानंतर पाय जमिनीला टेकवेनासा झाला, पोटरी अचानक एका बाजूने सुजली, किंवा दोन्ही पायांतली शक्ती जाऊन लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आणि त्याबरोबर घटत चाललेले वजन, किंवा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ टिकणारे आखडणे आणि बोटांच्या सांध्यांवर सूज असेल, तर तो बहुधा वयोमानाचा गुडघा नसतो. त्याची तपासणी वेगळी असते आणि ती लांबणीवर टाकू नये.